लोणंदचा दशलक्षाधीश

लोणंदमध्ये पैसेवाले कोण, असं विचारलं तर लोक आधी कांद्याच्या अडत्यांकडे बोट दाखवतात. मग ज्यांच्या जमिनी रस्त्यात किंवा कारखान्यात गेल्या त्यांची नावं घेतात. माझं नाव आजवर कुणी घेतलेलं नाही. घेणारही नाही, कारण मी बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेला माणूस आहे आणि कॅशियरने दुसऱ्याचे पैसे मोजायचे असतात हे गावाला पक्कं ठाऊक आहे. पण खरं सांगायचं तर घरात रोख 18,88,894 बाळगणारा या गावात मी एकटाच असेन. एकूण नोटा 19. कॅश टॅली आहे, हवं तर मोजून घ्या.

चलन मात्र युक्रेनचं. नाव कार्बोवानेत्स, घरगुती नाव कूपन. 1992 सालच्या जानेवारीत जन्म, 1996 च्या सप्टेंबरात मृत्यू. या पावणेपाच वर्षांत 1, 3, 5, 10, 25, 50 अशी सुरुवात करून या चलनाने 10 लाखांच्या नोटेपर्यंत मजल मारली. प्रत्येक किमतीची एकेक नोट घेतली की वरची बेरीज येते. ते मरताना सरकारने त्याला 1 लाख कार्बोवानेत्सला 1 ह्रिव्निया असा भाव दिला. म्हणजे माझ्या सगळ्या दौलतीचे झाले 18 ह्रिव्निया आणि वर 89 कोपेक. आजच्या भावाने साधारण 40 रुपये. लोणंद स्टँडसमोर दोन वडापाव येतील, पण चहाला खिशात हात घालावा लागेल.

हे गणित मी एकदा आमच्या सौभाग्यवतींना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "अहो, आणि हे चाळीस रुपये जमवायला किती रुपये गेले?" हा प्रश्न सगळ्या छंदांना एकाच वेळी ठार करू शकतो, म्हणून संग्राहकाने त्याचं उत्तर कधीही आकड्यात देऊ नये. मी म्हणालो, "अगं, ही गुंतवणूक नाही, हा इतिहास आहे." त्या म्हणाल्या, "इतिहास कपाटाच्या वरच्या खणात ठेवा. खालच्या खणात माझ्या पैठण्या आहेत."

या इतिहासाची सुरुवात नोटेने होत नाही, कात्रीने होते. 1990 चा नोव्हेंबर. सोव्हिएत युनियन कागदावर शाबूत होतं, दुकानांच्या फळ्या मात्र रिकाम्या. युक्रेन म्हणजे गहू, साखर, मांस पिकवणारा मुलूख. शेजारची माणसं रुबल घेऊन यायची आणि माल उचलून न्यायची. यावर तोडगा असा निघाला की, पगाराबरोबर प्रत्येकाला एक छापील तक्ता द्यायचा. तक्त्याच्या मध्यभागी धन्याचं नाव, कचेरीचा शिक्का, साहेबाची आणि हिशेबनिसाची सही. चहूबाजूंनी बारीक चौकटी, प्रत्येकीवर 1, 3, 5 असा आकडा. दुकानात गेलं की रुबल तर मोजायचेच, शिवाय तेवढ्याच किमतीच्या चौकटी कापून द्यायच्या. कापायचं काम काउंटरवरच्या बाईचं. पैसे आहेत पण चौकटी संपल्या, तर हात हलवत घरी जायचं. चौकटी आहेत पण पैसे नाहीत, तरीही घरीच.

आपल्याकडे रेशनकार्डाचा अनुभव असल्यामुळे लोणंदच्या माणसाला हे समजायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. परदेशी अर्थतज्ज्ञांना म्हणे बराच वेळ लागला.

मग 1991 च्या ऑगस्टमध्ये युक्रेनने स्वातंत्र्य जाहीर केलं, डिसेंबरात सोव्हिएत युनियन मिटलं आणि नव्या देशापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो रोख नोटांचा. रुबल छापायचे यंत्र मॉस्कोत. रशियाने जानेवारी 1992 मध्ये भाव मोकळे सोडले, ते इकडेही चढले आणि पगार द्यायला नोटाच पुरेनात. तेव्हा 10 जानेवारी 1992 रोजी युक्रेनने फ्रान्समध्ये छापून घेतलेली कूपनं बाजारात आणली. आता कात्रीची गरज नव्हती. हे कूपन परत परत वापरता येणार होतं. ते चालवायचं तात्पुरतं, काही महिन्यांपुरतं, खरं राष्ट्रीय चलन येईपर्यंत, असं ठरलं होतं.

'तात्पुरतं' म्हणजे काय, हे आम्हा लोणंदकरांना वेगळं सांगायला नको. पावसाळ्यापुरती म्हणून उभी केलेली पत्र्याची शेड पुढे तीन निवडणुकांचं मतदान केंद्र होते. लोणंद-फलटण रेल्वे होणार हे ऐकत इथे माणसं लहानाची मोठी झाली, नोकरीला लागली आणि निवृत्त झाली, तेव्हा कुठे रुळावरून गाडी धावली. त्या मानाने काही महिन्यांची पावणेपाच वर्षं होणं म्हणजे युक्रेनच्या सरकारी खात्याने वक्तशीरपणाच दाखवला म्हणायचा.

माझ्याकडच्या नोटांत माझी लाडकी आहे ती 3 कूपनची. तीनने मोजण्याची सवय सोव्हिएत काळातली, तिथे 3 रुबलची नोट असायची. आपल्याकडे तीन रुपयांची नोट कधी निघाली नाही याचं एक कॅशियर म्हणून मला दुःख नाही. तीनच्या नोटांची शंभराची गड्डी मोजून पावणेपाचला कॅश बंद करून दाखवा, मग बोलू. पण बघायला नोट सुंदर. हिरवट, नाजूक, हातात घेतली की अंगठ्याला वाटतं अर्धीच आली. पुढच्या बाजूला एका तरुणीचा चेहरा, केस वाऱ्यावर. ही लिबिद. कीव शहर कीय, श्चेक आणि खोरिव या तीन भावांनी आणि त्यांच्या लिबिद या बहिणीने वसवलं अशी दंतकथा आहे. कीवमध्ये नीपर नदीच्या काठी या चौघांचं होडीत बसवलेलं स्मारक आहे, त्यातली ही बहीण. मागच्या बाजूला सेंट सोफियाचं चर्च. आणि नोटेला क्रमांक नाही! मी ती पहिल्यांदा उलटसुलट केली तेव्हा पाठीतून कळ गेली. नोटेला नंबर नाही म्हणजे ती नोट कुठली? चाळीसेक वर्षं ज्या माणसाने नंबर बघून नोट घेतली, त्याच्यासाठी ती बिनटोपीची वरात होती.

ही चित्रं एकामागून एक लावली की अख्खी महागाई त्यात दिसते. 1 पासून 100 पर्यंतच्या पहिल्या नोटांवर बहीण एकटीच सगळा संसार सांभाळते. भाव चढले, शंभर, दोनशे, पाचशे, हजाराच्या नव्या नोटा काढाव्या लागल्या, तेव्हा तिने भावांना बोलावून घेतलं. 1992 च्या या नोटांवर चौघं होडीत उभी आहेत. भाव आणखी चढले. भावांना आवरेनात. तेव्हा दहा हजाराच्या नोटेपासून पुढे थेट संत व्लोदिमिर हातात क्रूस घेऊन उभे राहिले. याच राजाने 988 साली आपल्या प्रजेला ख्रिस्ती केलं. ज्याने अख्ख्या राष्ट्राचा धर्म बदलला त्याला बटाट्याचा भाव बदलता आला नाही. वीस हजार, पन्नास हजार, एक लाख, दोन लाख, पाच लाख, संत आपले क्रूस धरून उभेच. शेवटी 1995 मध्ये 10 लाखांची नोट निघाली तेव्हा सरकारने कवी तारास शेव्चेन्को यांना पाचारण केलं. बहीण, भाऊ, संत आणि मग कवी. आता नोटेवर कवीच उरला आहे, हे कळल्यावर कुठल्याही देशाने चलन बदलावं. युक्रेनने पुढच्याच वर्षी बदललं.

आकडेमोडीची हौस असणाऱ्यांसाठी एकच आकडा पुरे. 1993 या एका वर्षात युक्रेनमधली महागाई 10,000 टक्क्यांच्या वर गेली. हा आकडा मी बाजार समितीच्या आवारात आमच्या ओळखीच्या अडत्या तात्यांना सांगितला. लिलाव संपलेला, हमाल गोण्या शिवत होते, तात्या पट्ट्या लिहीत होते.

"धा हजार टक्के म्हंजी किती वो, कॅशियरसाहेब?"

"शंभरपटीच्या वर, तात्या. जानेवारीत पंधरा रुपये किलोचा कांदा, डिसेंबरात पंधराशेच्या पुढे."

तात्यांची लेखणी थांबली. डोळ्यांत एक चमक आली. "आन् मग त्या सालाला कांदा कुणी इकला?"

मी सांगितलं की ज्याने विकला तो बुडाला, कारण दुपारी हातात आलेल्या पैशांचं संध्याकाळी काही येत नव्हतं. ज्याने चाळीत ठेवला तो वाचला. तात्यांनी मान हलवली. "मंग त्यात नवं काय हाय? हितं बी तसंच. फकस्त आमच्याकडं नोट तीच राहती, कांदा बदलतो."

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत हे इतक्या थोडक्यात मी वाचलेलं नाही. युक्रेनमध्ये झालं ते असं: कारखाने चालू ठेवायचे, शेती चालू ठेवायची, तेल आणि वायू रशियाकडून वाढत्या भावाने घ्यायचा, 1993 च्या जूनमध्ये दोनबासच्या खाणकामगारांनी संप केला तर त्यांचे पगार वाढवायचे, आणि या सगळ्यासाठी लागणारा पैसा मध्यवर्ती बँकेने उधारीवर छापून द्यायचा. छापायला यंत्र लागतं, धान्य पिकवायला वेळ लागतो. यंत्र जिंकलं.

तात्यांनी मग मला हिशोबपट्टी दाखवली. वक्कल, गोण्या, वजन, दर, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा. शेवटच्या रकान्यात शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम. मला लगेच फेब्रुवारी 2023 मधली सोलापूर बाजार समितीची बातमी आठवली. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने 512 किलो कांदा घातला, किलोला एक रुपया भाव मिळाला, सगळा खर्च वजा जाता उरले दोन रुपये एकोणपन्नास पैसे, आणि त्याला चेक मिळाला 2 रुपयांचा. तोही पुढच्या तारखेचा. युक्रेनच्या 10 लाखांच्या नोटेशेजारी लावायला याहून योग्य कागद जगात दुसरा नसेल. एका कागदावर शून्यं मावत नाहीत, दुसऱ्यावर शून्य लिहायची वेळच येत नाही. पण तो चेक कुणी विकायला काढणार नाही, आणि काढला तर घ्यायची माझी हिंमत होणार नाही.

संग्राहक मंडळींत माझं स्थान तळाचं आहे हे इथे नोंदवायला हवं. पुण्यातला जुना बाजार मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो. लोणंदहून गाडीने पुणे स्टेशनला उतरलं की चालत जाता येतं. तिथे जुनी कुलपं, बंद घड्याळं, पितळी अडकित्ते यांच्यामध्ये नाणीवाल्यांच्या चादरी पसरलेल्या असतात. शिवराईवाल्यांचा तिथे वेगळाच थाट. तांब्याचा पैसा, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. ती मंडळी भिंगातून अक्षरांची वळणं बघतात, ठिपके मोजतात आणि एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. त्यांना मी युक्रेनची कूपनं जमवतो असं सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावर साताऱ्याच्या माणसाने अकलूजला जाऊन पेढे मागितल्यावर येईल तसा भाव येतो. त्यांच्याखालोखाल मान झिम्बाब्वेवाल्यांना. झिम्बाब्वेने महागाईच्या भरात जानेवारी 2009 मध्ये काढलेली 100 ट्रिलियन डॉलरची नोट, आपल्या मोजणीत एक कोटी कोटी, एकावर एक तोललेल्या दगडांचं चित्र. ही नोट हल्ली ज्याच्या-त्याच्याकडे असते. पाहुणे आले की दाखवायला उत्तम. मला ती आवडत नाही. एकदम शेवटच्या पायरीवर उभं राहून फोटो काढून घेण्यासारखा तो प्रकार आहे. हंगेरीच्या 1946 च्या पेंग्योचा आकडा तर वाचता येईपर्यंत चहा निवतो. युक्रेनच्या नोटांत पायऱ्या दिसतात. तीन, पाच, दहा, पंचवीस... माणसं एकेक पायरी चढताना दिसतात, आणि प्रत्येक पायरीवर त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की ही शेवटची.

शेजारपाजारच्या देशांचीही थोडी कागदं माझ्याकडे आहेत. बेलारूसने 1992 मध्ये नोटांवर प्राणी छापले. 1 रुबलवर ससा, 3 वर बीव्हर, 5 वर लांडगे, 50 वर अस्वल. लोकांनी सगळ्याच चलनाचं नाव 'ससुले' ठेवलं. लिथुआनियात तात्पुरत्या नोटांना पंतप्रधान वाग्नोरियुस यांच्या नावावरून हाक मारायचे. युक्रेनमध्ये राष्ट्राध्यक्ष लिओनिद क्रावचुक यांचं नाव नोटेला मिळालं नाही, ते मिळालं दोन चाकांच्या हातगाडीला. 'क्रावचुच्का'. नोकरीवरचा पगार पुरेना म्हणून शिक्षक, अभियंते, नर्सबाया असल्या गाड्यांवर पिशव्या बांधून रेल्वेने बाजारोबाजारी माल विकायला जाऊ लागल्या, त्या गाडीचं हे नाव. आपल्याकडे नेत्यांचं नाव चौकाला, योजनेला, क्रिकेटच्या चषकाला मिळतं. हातगाडीला नाव मिळणं हा जनतेचा खरा पुरस्कार म्हणायला हवा, आणि तो नाकारायची सोय नसते.

हसून झाल्यावर एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण कॅशियरला ती टाळता येत नाही. सोव्हिएत बचत बँकेत युक्रेनच्या माणसांनी आयुष्यभर ठेवलेली रक्कम या काळात नाहीशी झाली. पासबुक तेच, आकडा तोच, त्यात घर यायचं तिथे पाव यायला लागला. 2008 च्या जानेवारीत पंतप्रधान युलिया तिमोशेन्को यांच्या सरकारने जुन्या ठेवीदारांना भरपाईदाखल 1,000 ह्रिव्नियापर्यंत दिले. त्यासाठी रांगा लागल्या. पासबुक घेऊन रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे काउंटरच्या आतून बघण्याची मला सवय आहे. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदीत ती सवय पुन्हा ताजी झाली होती. त्या आठवड्यांबद्दल मी विनोद करत नाही. फक्त एवढंच की, दोन हजाराची गुलाबी नोट हातात पडल्यावर लोणंदच्या बाजारात एका जुडी कोथिंबिरीसाठी तिचे सुटे कोण देणार, हा प्रश्न सोडवताना मी तीन कूपनच्या नोटेकडे जास्त आदराने बघायला लागलो. ती गुलाबी नोटही पुढे मे 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने परत बोलावली. एक मी ठेवायला हवी होती असं म्हणणारे फार आहेत. मी ठेवली नाही. दोन हजार म्हणजे दोन हजार असतात.

आता आपल्याकडे असलं तात्पुरतं चलन झालंच नाही असं कुणी समजू नये. फाळणीनंतर पाकिस्तानकडे छापखाना नव्हता. तेव्हा रिझर्व्ह बँकेच्याच नोटांवर वर इंग्रजीत आणि खाली उर्दूत 'पाकिस्तान सरकार' असं जादा छापून, आपल्या नाशिकच्या मुद्रणालयातून त्या पुरवल्या गेल्या. 1 एप्रिल 1948 पासून त्या तिकडे चालल्या. पंचम जॉर्जनंतरचा सहावा जॉर्ज नोटेवर, सही भारतीय बँकेची, शिक्का पाकिस्तानचा, छपाई गोदावरीकाठची. अशा नोटेपुढे युक्रेनने फ्रान्सला कंत्राट दिलं हे अगदीच साधं वाटतं. मराठवाड्यात तर पोलीस कारवाईनंतरही काही वर्षं दोन-दोन रुपये चालत होते. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजी कलदार. सात हालीला सहा कलदार. जालन्याहून पुण्याला पाहुणा आला की त्याच्या खिशातल्या पैशाची आधी भाषा विचारायची. निजामाच्या त्या नोटांवर किंमत पाच भाषांत छापलेली असे, त्यात मराठी एक. ती नोट मिळावी ही माझी जुनी इच्छा.

आणि 1957 चे नये पैसे. 1 एप्रिलला आणे जाऊन दशमान पद्धत आली. आणा म्हणजे सहा नये पैसे, पण सोळा आणे म्हणजे शंभर. सोळा सक शहाण्णव, मग चार पैसे गेले कुठे? हा वाद आमच्या आजीने वाण्याशी शेवटपर्यंत घातला. तिचं म्हणणं, सरकारने प्रत्येक रुपयामागे चार पैसे खाल्ले. सात वर्षांनी नाण्यांवरचा 'नया' शब्द गेला, आजीचा संशय गेला नाही.

पण माझ्या मते महाराष्ट्राने जगाला दिलेलं सर्वश्रेष्ठ तात्पुरतं चलन म्हणजे एसटीच्या तिकिटाची मागची बाजू. कंडक्टरकडे सुटे नाहीत. तो तिकीट उलटं करतो, कानामागचं पेन काढतो, '3 रु.' लिहितो, गोल करतो, खाली फराटा मारतो. "उतरताना घ्या." झालं चलन. यात तारण आहे, सही आहे, मुदत आहे, आणि तिकिटावर क्रमांकही आहे, जो युक्रेनच्या सरकारला पहिल्या खेपेला जमला नव्हता. हे चलन लोणंदपासून साताऱ्यापर्यंतच वैध असतं आणि साताऱ्याला उतरण्याच्या गडबडीत त्याचं मूल्य शून्यावर येतं. पावणेपाच वर्षांची महागाई दीड तासात! असली काही तिकिटं माझ्या अल्बममध्ये आहेत. मशीनची नवी तिकिटं मात्र ठेवण्यात अर्थ नाही, दोन पावसाळ्यांत अक्षरं उडतात. आणि आता बसमध्येही मोबाईल पुढे केला की पैसे जातात, म्हणजे हे चलनही छापखान्याबाहेर पडलं. पालखीच्या मुक्कामात तेवढी नाणी अजून दिसतात. नीरा ओलांडून माउली लोणंदला आली की गावात सुट्ट्यांचा सुकाळ होतो, चहावाला पाच-दहाच्या नाण्यांची पिशवी मोजून घ्यायला येतो, आणि मी घरी बसल्या बसल्या पुन्हा कॅशियर होतो.

युक्रेनच्या गोष्टीतला सगळ्यात मजेदार भाग शेवटी आहे. जे खरं राष्ट्रीय चलन येईपर्यंत कूपनांनी काम चालवायचं होतं, ते चलन 1992 मध्येच छापून तयार होतं. कॅनडात छापलेल्या ह्रिव्नियाच्या त्या नोटांवर वर्षही 1992 च आहे आणि सही मध्यवर्ती बँकेचे पहिले प्रमुख व्लोदिमिर मात्वियेंको यांची. पण महागाई अशी पेटली होती की नव्या नोटा बाहेर काढल्या तर त्याही आठवड्याभरात कूपनांच्या वाटेने जातील, म्हणून त्या पेट्यांत पडून राहिल्या. नवरी तयार, मांडव तयार, फक्त मुहूर्त मिळेना. शेवटी तिसरे प्रमुख व्हिक्टर युश्चेन्को यांच्या कारकिर्दीत, महागाई खाली आल्यावर, 2 ते 16 सप्टेंबर 1996 या पंधरवड्यात कूपनं घेऊन ह्रिव्निया देण्यात आला. नोटेवर सही मात्र जुन्याच साहेबांची. एकदा छापलेली नोट टाकून द्यायची नाही, ही बँकवाल्यांची वृत्ती सगळ्या देशांत सारखी. हेच युश्चेन्को पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

माझ्याकडे 1992 ची 1 ह्रिव्नियाची नोट आहे. ती घरी आणली तेव्हा सौभाग्यवतींनी विचारलं, "ही चालते का?" मी म्हणालो, चालत होती, आता तिथे एकच्या नोटेऐवजी नाणं आहे. "म्हणजे तीही वरच्या खणात," असं म्हणून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

नोटा जपण्याबद्दल एक सूचना, कारण पत्रं येतात ती याचीच. साधी प्लास्टिकची पिशवी वापरू नका, तिचा वास येऊ लागला की कागद चिकटतो आणि शाई उठते. नोटांसाठी मिळणारे अल्बम घ्या. डांबरगोळ्या कपड्यांत ठेवा, नोटांत नको. लॅमिनेशन करणाऱ्याला नोट दाखवूसुद्धा नका. आणि कुणी "काका, यांचे पैसे किती येतील?" असं विचारलं तर विषय बदला.

माझ्याकडे 3 कूपनच्या दोन कोऱ्या नोटा जादा आहेत. बीड, परभणी, लातूर, नांदेडकडे कुणाच्या जुन्या पेटीत निजामाच्या राज्यातली, मराठीत किंमत छापलेली नोट असेल तर अदलाबदलीचा विचार करावा. फाटकी, घडी पडलेली, हळदीचा डाग असलेलीही चालेल. ती नसेल तर 'बाकी 3 रु.' लिहिलेलं एसटीचं जुनं तिकीटही घेईन, मात्र मागे कंडक्टरची सही हवी.